ट्राउटचं घड्याळ आधी उजेडावर चालतं

पाणी थंड झालं की ट्राउट माशाचे प्रजननाचे हार्मोन वाढू लागतात, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. रेनबो ट्राउट मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतो. म्हणून तर मत्स्यशाळांत दिवे लावून आधी मोठे, मग लवकरच लहान दिवस दाखवतात आणि अंडी काही महिने आधी मिळवतात. जपानी मासू सामन या ट्राउटच्या नातलग माशामध्ये तर मेंदूच्या तळाशी असलेली एक छोटी पिशवी दिवसाची लांबी ओळखते, हे २०१३ साली दाखवलं गेलं.

मादीत आधी एस्ट्राडिओल हे मादीचं हार्मोन चढतं. त्याच्या इशाऱ्यावर यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं, ते रक्तातून अंडाशयात जातं आणि त्याचा बलक होतो. अंड्याची शिदोरी यकृतात बांधली जाते, हे मला फार विलक्षण वाटतं! पण अंडी पिकायच्या सुमारास हेच एस्ट्राडिओल घसरतं आणि प्रोजेस्टेरॉनच्या कुळातलं दुसरं स्टेरॉइड हार्मोन उसळतं. त्यामुळे ऐन विणीच्या वेळी रक्त तपासून ‘एस्ट्राडिओल कमी, म्हणजे मादी कच्ची’ असं कृपया ठरवू नका. नरात ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे नर माशाचं मुख्य हार्मोन बघा.

तापमानाचा प्रभाव शेवटी जाणवतो: शरदात पाणी गरम राहिलं तर ॲटलांटिक सामनची अंडी सुटायला उशीर होतो आणि ती कमकुवत निघतात.