युवक मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत क्रमांक काढायलाच हवेत का?

मंडळवाली:
बरीच वर्षं आमच्या युवक मंडळाची वक्तृत्व स्पर्धा सांभाळते आहे. आता ठाम वाटायला लागलंय की १२ ते १६ वयोगटात पहिला-दुसरा-तिसरा काढणं बंद करावं. यंदा एक मुलगी पहिल्यांदाच उभी राहिली. दोन मिनिटं छान बोलली आणि मग एक वाक्य निसटलं. माईकचा दांडा तिने इतका घट्ट आवळला की स्पीकरमधून खरखर येऊ लागली. ओठ हलत होते, आवाज नाही. निसटलेलं वाक्य सापडावं म्हणून ती भाषण मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत होती. तेवढ्यात घंटा झाली. पहिला आलेल्या मुलाचं भाषण घरच्या कुणी मोठ्या माणसाने लिहून दिलंय, हे ऐकताच कळत होतं. स्वतःचं स्वतः लिहिणारी ती मुलगी आता पुन्हा यायला तयार नाही.

घंटानाद:
साफ असहमत. हा दोष पाठांतराचा आहे, क्रमांकाचा नाही. नववीत मीही असाच अडखळलो होतो, उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. त्या रागापोटी वर्षभर आरशासमोर उभा राहिलो आणि आज चारचौघांत बोलताना पाय लटपटत नाहीत. प्राचीन ग्रीसमधला नावाजलेला वक्ता डेमोस्थेनिस, त्याच्याही सुरुवातीच्या भाषणाला लोक हसले होते, असं त्याचा चरित्रकार प्लुटार्कने लिहिलंय. तरी तो परत उभा राहिलाच ना?

मंडळवाली:
राहिला, पण कसा? तेही प्लुटार्कनेच लिहिलंय. हिरमुसून घरी निघालेल्या डेमोस्थेनिसला सॅटिरस नावाच्या नटाने एक उतारा म्हणायला लावला आणि मग तोच उतारा स्वतः म्हणून दाखवला. दोन्हींतला फरक त्याला तिथल्या तिथे कळला. आमच्या मुलीला काय मिळालं? गुणपत्रिकेवर एक आकडा. असा सॅटिरस भेटणार नसेल, तर नुसत्या हरण्यातून मूल काय शिकणार?

शब्दसखा:
टोस्टमास्टर्स, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची संघटना, तिचं मूळही हेच आहे. राल्फ स्मेडली यांनी १९०५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या वायएमसीएत (तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत) तरुणांना बोलायला शिकवण्यासाठी गट सुरू केला. आजही त्यांच्या क्लबात एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने काय जमलं, काय सुधारता येईल ते सांगायचं, हाच गाभा आहे.

घंटानाद:
आणि त्याच टोस्टमास्टर्सची मोठी वक्तृत्व स्पर्धा १९३८ पासून चालू आहे! नियमही कडक. भाषण ५ ते ७ मिनिटांचं, दोन्हीकडे ३० सेकंदांची सवलत, त्यापलीकडे थेट बाद. स्पर्धा वाईट असती तर त्यांनी इतकी वर्षं चालवली असती का?

शब्दसखा:
तिथले सभासद १८ वर्षांवरचे असतात. आपण बोलतोय ते तेरा वर्षांच्या मुलांबद्दल.

मागचा बाक:
परीक्षक म्हणून बसतो, म्हणून लिहितो. एका दुपारी तीस-तीस मुलं ऐकल्यावर विसाव्यानंतर कान बधिर होतात. मग जो चढ्या आवाजात बोलतो आणि हात झोकात हलवतो, त्याच्याकडे पेन्सिल आपोआप झुकते. माझ्याकडूनही हे झालंय आणि त्याची आजही बोचणी आहे. म्हणून सुचवतो: क्रमांक ठेवा, पण भाषण संपल्यावर प्रत्येकाला त्याच्याच मुद्द्यावर एक साधा प्रश्न विचारा. ‘हे तुला का वाटतं?’ एवढाच. लिहून घेतलेलं भाषण तिथेच उघडं पडतं. ज्याने स्वतः विचार केलाय, तो अडखळत का होईना, उत्तर देतो. निम्मे गुण त्या उत्तराला द्या.

घंटानाद:
हे पटलं. मात्र प्रश्न भाषणातलाच हवा. ऐनवेळी चिठ्ठी उचलून बोलायला लावलंत तर नवखं मूल आणखीच घाबरेल. आणि क्रमांक नकोतच म्हणाल, तर जो मुलगा जिद्दीने तयारी करतो त्याला काय सांगणार?

मंडळवाली:
त्याला खुल्या गटात पाठवू. तिथे क्रमांक असू देत, माझा विरोध नाही. प्रश्नाची सूचना मी येत्या बैठकीत मांडतेच. पण पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांचा गट वेगळा आणि बिनगुणांचा असावा, यावर मी ठाम आहे. परीक्षकाने प्रत्येकाला शेजारी बसवून पाच मिनिटं बोलायचं, आकडा द्यायचा नाही. तीस मुलांना हे जमणार नाही, तर दहाच घ्या, दोन दिवस घ्या. त्या मुलीचा भाषणाचा कागद अजून माझ्याकडेच आहे. तो परत द्यायला जाईन तेव्हा पहिलं हेच सांगणार आहे.