मदत हवी आहे: इंग्लंडात कार्प पकडायला एक काठी पुरेल, की अख्खं दुकान घरी आणावं लागेल?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

मुक्काम लेस्टरजवळ. मुलगा ११ वर्षांचा आहे आणि या उन्हाळ्यात त्याला कार्प मासा पकडायचाय. मी वारणाकाठी वाढलो. आमची सगळी मासेमारी म्हणजे वेळूची काठी, तिला बांधलेली तंगूस (नायलॉनचा दोरा), एक गळ आणि कणकेचा गोळा, नाहीतर गांडूळ. सायप्रिनस लागायचा, कधी रोहू. रीळ म्हणजे शहरातल्या साहेबांची चैन.

इथे जवळच एक तळं आहे, दिवसाचं तिकीट काढून बसता येतं. बघायला गेलो तर गडी तीन-तीन रॉड एका स्टँडवर आडवे मांडून बसलेले, छे, बसलेले कसले, झोपलेले! मागे तंबू, तंबूत खाट. प्रत्येक रॉडखाली अलार्म, तो कोकलला की हा उठणार. एकाकडे तर आमिष नेऊन टाकायला रिमोटवर चालणारी होडी होती. मग एका दुकानात चौकशी केली. काउंटरवरच्या पोराने प्रेमाने यादी करून दिली. बेरीज बघितली आणि 'बायकोला विचारून येतो' म्हणून निघालो.

तर विचारायचंय ते असं. बाप-लेकाला एका काठीवर, काठाला बसून, साधा पाव नाहीतर कणीक लावून इथला कार्प मिळेल का? वेळूसारखी बिनरिळाची काठी चालेल का? आणि ते 'हेअर रिग' की काय म्हणतात, ज्यात आमिष गळाला लावतच नाहीत, ते काय प्रकरण आहे? माझ्या डोक्यात शिरत नाही. आमिष गळाच्या बाहेर असेल तर मासा गळ कशाला तोंडात घेईल?

तळ्यात_मळ्यात

वारणाकाठ, मी बरीच वर्षं इथल्या तळ्यांवर बसतोय. आधी तुमच्या डोक्यात न शिरणारी गोष्ट, कारण तीच सगळ्यात मजेची आहे.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. त्यामुळे तो चावा घेत नाही. तळाचा खाऊ पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि काही खटकलं की फुंकून बाहेर टाकतो. चार वेळा पकडून सोडलेला मासा हे फार पटकन करतो. गळ आमिषात लपवलेला असेल तर बऱ्याचदा दोन्ही एकत्रच बाहेर फेकले जातात. हेअर रिगमध्ये आमिष गळाच्या मागे बारीक दोऱ्याला लोंबतं. मासा आमिष ओढतो, मोकळा गळ मागोमाग आत येतो. फुंकताना आमिष पुढे जातं आणि गळाचं टोक खालच्या ओठात रुततं. दचकून पळाला की तंगुशीला लावलेल्या जड शिशाचा हिसका बसून गळ पक्का होतो. मासा स्वतःला स्वतःच अडकवून घेतो, म्हणून तर तो गडी खाटेवर झोपू शकतो. १९८० च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हे काढलं. सुरुवातीला खरोखरच डोक्यावरचा केस बांधला होता.

म्हणजे या एका युक्तीला फुटभर दोरा लागतो. बाकी यादी लांब फेकायला आणि रात्रभर थांबायला आहे. तुम्ही दिवसा काठाला बसणार, पोरगं तरंग्याकडे टक लावून बघणार. अलार्म कशाला हवाय? पोरगाच ओरडेल.

बिनरिळाची काठी मात्र नको. दहा पौंड वजनाचा कार्प पहिल्या धडकेत वीस-तीस मीटर पळतो, थेट लव्हाळ्यात. बांधलेली तंगूस तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन फिरतो. क्लचचं साधं रीळ (मासा जोरात ओढू लागला की तंगूस आपोआप सोडणारं), १० पौंड ताण पेलणारी तंगूस, आठ नंबरचा गळ, उलटा काटा नसलेला. बहुतेक तळ्यांवर तोच सक्तीचा आहे.

उजनीकर

आमच्याकडे पेंडीचा गोळा स्प्रिंगवर थापतात आणि भोवती पाच-सहा गळ सोडतात. तिकडे मेथड फीडर म्हणून विकतात तो याचाच साहेबी भाऊ, फक्त गळ एक. तिकडे गुच्छ वापरू नका हो, हाकलून देतील.

आणि कटला डोक्यात ठेवून जाऊ नका. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मध्ये, मृगळ तळाला. तिकडचा कार्प म्हणजे आपला सायप्रिनस, मिशा लावून चिखल हुंगणारा. आपल्याकडेही तो बाहेरूनच आलाय, १९३९ मध्ये सिलोनहून निलगिरीत आणला. आमिष तळाला टेकलं पाहिजे.

तळ्यात_मळ्यात

उजनीकर, एरवी बरोबर, पण कडक उन्हात इथले कार्प वर येऊन पाठ शेकत फिरतात. तेव्हा पावाची कड पाण्यावर तरंगत सोडायची, शिसं नाही, काही नाही. आधी मोकळे तुकडे टाकायचे, दोन-चार जण बिनधास्त खायला लागले की मग गळाचा. जाड ओठ वर येतात, 'चप्' असा आवाज होतो आणि पाव गायब! घाई करून ओढायचं नाही, तंगूस सरकायला लागली की काठी उचलायची.

रात्रपाळी

जरा दुसरी बाजू. तंबूवाल्यांना हसू नका. मी जिथे बसतो तो जुना खडीचा खड्डा आहे, कित्येक एकर पाणी, मासे मोजके आणि ऐंशी मीटरवर. तिथे पाव घेऊन आलात तर बदकं जाड होतील. दिवसा गजबज असते, मासा रात्री खातो, आणि मला सकाळी कामावर जायचं असतं. अलार्म ही तिथली गरज आहे. होडीबद्दल मात्र मीही काही बोलणार नाही.

उकडलेल्या गोळ्यांनाही, बॉइली म्हणतात त्यांना, कारण आहे. पाव आणि कणीक रोचसारखे चिल्लर मासे टोचून-टोचून संपवतात. उकडल्यावर गोळीला साल धरते, ती टिकते. विकत घेऊ नका. बारीक रवा आणि सोयाबीनचं पीठ निम्मं-निम्मं, अंड्यात मळा, लाडू वळल्यासारखं बोटाच्या पेराएवढं वळा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग पंचावर पसरून वाळवा. मुलगा आनंदाने करेल.

पोटोबा_प्रथम

एवढं करून मासा सोडून द्यायचा?? कालवण नाही?

तळ्यात_मळ्यात

नाही. तळ्याच्या मालकाने विकत आणून सोडलेले मासे असतात ते. घरी नेलात तर चोरी. आणि चवीला चिखल, तुम्ही काही गमावत नाही.

रात्रपाळी, तुमचं पटलं. पण १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी हेरफर्डशरच्या रेडमायर तळ्यावर ४४ पौंडांचा कार्प धरला तो पाव लावून, रात्रीच. आणि गंमत म्हणजे वीजेवर चालणारा अलार्म बनवणाऱ्यांतही तेच पहिले! तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत होता. पुढे १९८० मध्ये त्याच तळ्यावर ख्रिस येट्स यांनी साडेएक्कावन्न पौंडांचा धरला, बांबूच्या जुन्या रॉडवर, मक्याचे दाणे लावून. रेडमायर छोटं आहे, मासा काठाला येतो, हेही खरं.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. आमचं तळं लहानच आहे, एका काठावरून समोरच्याशी गप्पा मारता येतात. मग काठाला बसतो. मका आणि पाव. पण गावाकडची सवय, शेंगदाणे भिजवून नेले तर? आणि खर्च करायचाच तर कशावर करू?

तळ्यात_मळ्यात

शेंगदाणे अजिबात नको, बहुतेक ठिकाणी बंदीच आहे. कच्चे दाणे माशाला बाधतात. काबुली चणे चालतात, पण रात्रभर भिजवून नीट शिजवलेले, आणि आधी फलकावरचे नियम वाचा.

पैसे हातजाळ्यावर आणि मॅटवर घाला. जाळं ४२ इंची घ्या, लहान जाळ्यात मोठा मासा दुमडतो. मॅट ओली करून त्यावरच मासा ठेवायचा, हात ओले, गुडघे टेकून. पोराला फोटोसाठी उभं राहून धरू देऊ नका, हातातून निसटून पडला तर मासा मरतो. काही तळ्यांवर स्वतःचं जाळं चालत नाही, रोग पसरू नये म्हणून तिथलंच वापरतात, तेव्हा खरेदीआधी फोन करून विचारा.

मासेमारीचं लायसन्स तुमचं काढा, ते ऑनलाइन मिळतं. मुलगा १३ च्या आतला, त्याला लागत नाही. आणि काठी टाकून चहा आणायला जाऊ नका, टाकलेला गळ सोडून निघून जाणं इथे नियमाविरुद्ध आहे.

वारणाकाठ

चहा थर्मासमध्ये नेतो. शनिवारी पहाटे जातोय. लव्हाळ्याच्या बाजूला बसावं की बांधाच्या?

रात्रपाळी

वारा ज्या काठाला लागतोय त्या काठाला. आणि पोहोचल्यावर दहा मिनिटं काठी उघडूच नका, बुडबुडे कुठे येतात ते बघा.