स्क्वाड खेळणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता

बरेच दिवस मनात होतं की 'स्क्वाड'वर एक धागा काढावा. मराठीत सीएस, व्हॅलोरंट, बीजीएमआयवर भरपूर बोलणं होतं, पण या गेमचं नाव काढलं की दोनचार जणच पुढे येतात आणि ते एकदा सुरू झाले की मग थांबत नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या ऑफवर्ल्ड इंडस्ट्रीजचा गेम आहे, बॅटलफील्ड 2 साठी प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी नावाचा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) होता त्याच्यातून ही कल्पना आली. डिसेंबर 2015 ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच, विक्रीला आला आणि सप्टेंबर 2020 ला पूर्ण व्हर्जन आलं. 50 विरुद्ध 50, एका स्क्वाडमध्ये जास्तीत जास्त 9 जण, त्यातला एक लीडर. गोळी समोरच्याला लागली की नाही हे सांगणारी कुठलीही खूण स्क्रीनवर येत नाही, आपल्याला कोणी मारलं हे परत दाखवत नाहीत. कानाजवळून गोळी गेल्याचा कडकन आवाज येतो आणि कुठून आली ते तुम्हीच ओळखायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. या गेममध्ये बंदुकीपेक्षा माइक मोठा आहे. नेम कितीही भारी असला आणि माणूस तोंड उघडत नसला तर त्या स्क्वाडमध्ये आठच जण आहेत असं धरायचं, नऊ नाही. उलट नेम साधारण असलेला पण "ईशान्येला, पांढऱ्या भिंतीमागे, दोन जण, 150 मीटर" एवढं वेळेवर सांगणारा माणूस मॅच फिरवतो, हे मी नार्वा मॅपच्या गल्ल्यांमध्ये कितीदा बघितलंय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आवडत नसेल तर तेही लिहा.

नाशिकचा मेडिक

मी मेडिक सोडून दुसरं काही घेत नाही. लोकांना वाटतं मेडिक म्हणजे मागे बसून पट्ट्या बांधायच्या, पण खरं काम डोक्याचं आहे. खाली पडलेल्याला आता कोणीही पट्टी मारून उठवू शकतं, पण तो उठतो तो अर्धमेला, त्याची तब्येत परत भरायला मेडिकच लागतो. तर समजा फलुजा मॅपवर रस्ता ओलांडताना चार जण एकदम पडले. नवीन मेडिक काय करतो, जो सगळ्यात जवळ पडलाय त्याच्याकडे धावतो आणि पाचवा होऊन पडतो. आधी स्मोक टाकायचा आणि तो पडलेल्यांच्या अंगावर नाही तर शत्रू जिथून मारतोय त्याच्या आणि आपल्या मधे, मग दहाएक सेकंद थांबायचं कारण धूर पसरायला वेळ लागतो, आणि मग पहिल्यांदा उठवायचं ते दुसऱ्या मेडिकला. तो उठला की हात चार झाले. बाकीचे ओरडत असतात मला उठव मला उठव, त्यांना सांगायचं थांबा.

आणि बोलणं. पडलेल्या माणसाची स्क्रीन काळी असते, त्याला दिसत काही नाही पण ऐकू येतं. त्याला जर वाटलं की कोणी येत नाहीये तर तो गिव्ह अप दाबतो, म्हणजे वाट न बघता मरण पत्करतो, आणि टीमचं एक तिकीट गेलं (तिकिटं संपली की टीम हरते). म्हणून मी पोचायच्या आधीपासून बोलत राहतो, येतोय, भिंतीपाशी आहे, धूर टाकला, अजून थोडं थांब. समोरचा कोण, कुठल्या देशाचा, काही माहीत नसतं. एकदा एक फिलिपिन्सचा मुलगा उठल्यावर नुसतं "थँक यू डॉक" म्हणाला आणि त्यानंतर अख्खी मॅच तो माझ्या पुढे राहून कोपरे बघत होता. धागाकर्त्याच्या मताला माझं शंभर टक्के अनुमोदन.

सोलापुरी

मला नाही आवडला आणि मी प्रामाणिकपणे लिहितोय. सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइल बंद झाला तेव्हा आमचा सगळा ग्रुप पीसीवर आला, त्यातल्या एकाने हा गेम घ्यायला लावला. राव, स्पॉन झाल्यावर (मैदानात उतरल्यावर) शेतातनं, ओढ्यातनं पळत जायचं, शत्रू दिसायच्या आधी आडवं व्हायचं आणि परत तेवढंच पळायचं. एक मॅच तासभर चालू शकते. मी कामावरनं रात्री नऊला येतो, जेवण झालं की हातात जेमतेम तास असतो, त्या तासात मला खेळल्यासारखं वाटलं पाहिजे. इथं अर्धा वेळ फावडं घेऊन खड्डा खणण्यात जातो. ज्यांना वेळ हाय त्यांच्यासाठी लई भारी गेम असेल, मी नाही म्हणत नाही, पण नोकरदार माणसाला रोज झेपणारा हा गेम न्हाई.

फ्रँकफर्टहून

सोलापुरी, तुमचं म्हणणं पटतं, तरी त्या फावड्याबद्दल लिहितोच कारण मी नेहमी स्क्वाड लीडर असतो.

ज्याला तुम्ही खड्डा खणणं म्हणताय त्याच्यावर अख्खी मॅच उभी असते. लीडर रेडिओ ठेवतो, लॉजी ट्रक सामान आणतो, मग हॅब, म्हणजे स्पॉन व्हायचा तळ, उभा करायचा, आणि तो उभा राहिला की टीमचा कुठलाही माणूस तिथून स्पॉन होऊ शकतो. हॅब नसेल तर तुम्ही म्हणता तसं ओढ्यातून पळतच यावं लागतं. म्हणजे ज्या मॅचमध्ये तुम्हाला खूप पळावं लागलं त्या मॅचमध्ये तुमच्या लीडर लोकांनी हॅब नीट लावलेला नव्हता, असं समजा.

हॅब कुठे लावायचा ही कला आहे. नवीन लीडर झेंड्याच्या, म्हणजे जी जागा जिंकायची तिच्या, अगदी मधे लावतात. मग शत्रू झेंड्यावर आला की जवळ शत्रू असल्यामुळे हॅबचं स्पॉन बंद होतं आणि नेमकं गरज असते तेव्हा कोणी येऊ शकत नाही. मी झेंड्यापासून दोनशे-अडीचशे मीटर मागे, टेकडीच्या आडोशाला किंवा एखाद्या वाड्याच्या भिंतीमागे लावतो. चालावं लागतं दोन मिनिटं, पण तो टिकतो. आणि रेडिओ शत्रूने खणून काढला तर तिकिटं गेली ती वेगळीच, म्हणून एक माणूस तिथे बसवायचा. तो माणूस शोधणं हे सगळ्यात अवघड काम आहे. कोणालाच तिथे बसायचं नसतं. मी त्याला आधी सांगतो की दहा मिनिटं तू, मग मी बदली देतो, आणि बरोबर दहा मिनिटांनी बदली देतो. शब्द पाळला की पुढच्या वेळेला लोक स्वतःहून थांबतात.

लीडरच्या कानात एकाच वेळी तीन आवाज असतात. आपल्या आठ जणांचा, बाकी लीडर आणि कमांडरचा, आणि शेजारी उभा असेल त्याचा. गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाचा जो कार्यकर्ता ट्रॅक्टरच्या पुढे चालत असतो, पोलिसांशी बोलतोय, ढोलपथकाला हात करतोय, मागचे दोर सोडू नका म्हणतोय, तसं ते काम आहे. मी पुण्यात असताना ते केलेलं आहे त्यामुळे मला इथे घरच्यासारखं वाटतं. युरोपातल्या सर्व्हरवर पोलिश, तुर्की, ब्रिटिश सगळे असतात, इंग्लिश प्रत्येकाचं वेगळं, पण दिशा आणि अंतर सांगितलं की सगळ्यांना कळतं.

ठाणेकरीण

मी लिहू की नको विचार करत होते. बोलणं हा या गेमचा जीव आहे हे मान्य, पण बाईच्या आवाजात बोललं की काय होतं तेही इथे यायला पाहिजे. माइक उघडून "मॉर्टर रेडी" म्हटलं की पहिला प्रश्न वय काय, दुसरा कुठून आहेस. काही जण त्याच्याही पुढे जातात. सगळे नाही, पण दर थोड्या दिवसांनी एखादा असतोच. फरक पडतो तो लीडरमुळे. एका लीडरने अशा माणसाला एक वाक्य ऐकवलं, स्क्वाडमधून काढला आणि लगेच मला म्हणाला की पुढचं टार्गेट नकाशावर टाकलंय. एवढं पुरे असतं. भाषण नको.

आता मॉर्टरबद्दल, कारण त्यावर कोणीच लिहिलं नाही. आम्ही दोघी असतो, मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, ती सध्या मेलबर्नला. मॉर्टरची नळी म्हणजे नुसतं बटण दाबायचं काम नाही. नकाशावर लीडरने खूण टाकली की दिशा अंशात बघायची, अंतर मीटरमध्ये काढायचं, त्यावरून नळी किती उचलायची ते मिलमध्ये (कोन मोजायचं एकक) काढायचं, आणि टार्गेट टेकडीवर असेल तर तो फरक धरायचा. पल्ला साधारण बाराशे मीटर, त्याच्या पुढे कितीही विनवण्या केल्या तरी नाही. तिने दिशा लावली आणि मी अंतर. पहिला गोळा टाकायचा आणि थांबायचं, तो हवेत असतो, मग पुढून कोणीतरी सांगतं "पन्नास मीटर डावीकडे, वीस जवळ". सुधारायचं आणि मग दोघींनी सलग टाकायचे. शत्रू आम्हाला पूर्ण मॅचमध्ये एकदाही दिसत नाही. पुढच्या स्क्वाडने झेंडा घेतला आणि त्यांचा लीडर कमांडवर म्हणाला की मॉर्टरमुळे झालं, तर आम्ही दोघी तेवढ्यावर पुढचे दोन दिवस खूश असतो.

पिंपरीकर

मुद्दा भरकटण्याआधी गेमच्या 6.0 अपडेटवर बोला की. सप्टेंबर 2023 ला ते इन्फंट्री कॉम्बॅट ओव्हरहॉल आलं आणि माझ्यासाठी गेम बदलला. पळून आलं की बंदूक इतकी हलते की समोरचा वीस मीटरवर असून नेम बसत नाही, अंगावर गोळ्या आल्या की स्क्रीन धूसर. मी सीएस 1.6 पासून कॅफेमध्ये खेळत आलोय, हाताचं कसब हीच माझी मजा होती, ती यांनी काढून घेतली. जो आधी आडवा पडून बसलाय तोच जिंकणार असेल तर पुढे जायचं कशाला?

नाशिकचा मेडिक

पिंपरीकर दादा, मला उलट वाटतं. त्याच्या आधी मशीनगनवाला गोळ्या मारतोय आणि समोरचा खिडकीतून डोकं काढून त्याला एका गोळीत उडवतोय असं चालायचं. आता मशीनगन सुरू झाली की समोरच्याला खरंच डोकं खाली घालावं लागतं आणि तेवढ्या वेळात आपली दुसरी तुकडी बाजूने जाते. म्हणजे एकट्याचं कसब कमी झालं पण चौघांचं वाढलं. पुढे जायचंच, फक्त एकट्याने नाही.

पिंपरीकर

चौघं बोलत असतील तर. माझ्या रात्रीच्या वेळेला निम्मे जण गप्प असतात. मग काय करायचं सांग. त्या चार गप्प माणसांबरोबर जुन्या पद्धतीत मी निदान माझ्या जिवावर काहीतरी करू शकत होतो.

धागाकर्ता

हा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी गप्प स्क्वाड दिसला की स्टेजिंगमध्येच, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच, बाहेर पडतो आणि दुसरा बघतो. पण सर्व्हर भरलेला असेल तर पर्याय नसतो.

साताऱ्याचा लॉजीवाला

मी ट्रक चालवतो. फक्त ट्रक. मेनवरनं (मुख्य तळावरनं) सामान भरायचं, पुढं नेऊन उतरवायचं, परत यायचं. लोक म्हणतात कंटाळा येत नाही का, अजिबात येत नाही. येहोरिव्हकासारख्या मॅपवर उघड्या शेतांमधनं मोठा ट्रक न दिसता न्यायचा म्हणजे झाडांची कुठली रांग कुठं संपते हे पाठ लागतं. डांबरी रस्त्याने मी जातच नाही, तिथं माइन (सुरुंग) असतात. इंजिन बंद करून दोन मिनिटं ऐकायचं, रणगाड्याचा आवाज लांबनं येतो. पुढचा लीडर "अॅम्यो (दारूगोळा) संपला" म्हणून ओरडत असतो तेव्हा घाई करायची नाही, कारण ट्रक गेला तर त्याचा अॅम्यो पण गेला. सोलापूरच्या मित्राला सांगणं आहे की तासभरच असेल तर एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बस, पळायचं काम नाही.

नागपूर

आम्ही तिघं रणगाड्यावाले. मी नागपुरात, एक दुबईत, एक पुण्यात. ड्रायव्हर, गनर, कमांडर. ड्रायव्हरला समोरच्या फटीतून जेमतेम दिसतं, गनरला दुर्बिणीतून लांबचं दिसतं पण बाजूचं नाही, कमांडर आजूबाजूला बघतो आणि दोघांना सांगतो. शाळेपासूनची मैत्री आहे म्हणून आमचे शब्द ठरलेले, "मागं" म्हटलं की दुबईवाला विचारत नाही का, सरळ रिव्हर्स. कारण विचारण्यात जो सेकंद जातो त्यात रॉकेट येतं. रणगाडा गेला की तिकिटं भरपूर जातात त्यामुळे आम्ही पुढं घुसत नाही, मागून मारतो, जागा बदलतो. दुबईवाल्याची शिफ्ट असते म्हणून रात्री अकराच्या आत संपवावं लागतं.

पिंगचं (सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणाऱ्या वेळेचं) विचाराल तर सिंगापूरचे सर्व्हर आम्हाला परवडतात, युरोपचे नाही. आणि रॅम 16 जीबीच्या खाली असेल तर शहराच्या मॅपवर त्रास होतोच.

नवीन आहे

सगळं वाचलं. मागच्या सेलमध्ये घेतलाय पण अजून ऑनलाइन गेलो नाही, माइकवर इंग्लिश बोलायची भीती वाटते. सुरुवात कशी करू?

फ्रँकफर्टहून

आधी जेन्सन्स रेंजवर जा, तिथे सगळ्या बंदुका, गाड्या, हेलिकॉप्टर चालवून बघता येतात, कोणी ओरडणार नाही. मग रायफलमन घ्या, त्याच्याकडे अॅम्यो बॅग असते, ती टाकली की लोक खूश. इंग्लिशसाठी आठ दिशा, आकडे आणि "आय अ‍ॅम न्यू" एवढं पुरतं. हे शेवटचं स्क्वाडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणायचं. चांगला लीडर असेल तर तो म्हणतो माझ्याबरोबर राहा. तसं म्हणाला नाही तर स्क्वाड बदला.

ठाणेकरीण

आणि नकाशा उघडा ठेवायची सवय लावून घे. दर मिनिटाला एकदा बघायचा, आपले निळे-हिरवे कुठे आहेत ते. शनिवारी रात्री दहाला आम्ही दोघी सिंगापूरच्या सर्व्हरवर असतो, तिसरा माणूस मॉर्टरला गोळे पुरवायला लागतोच. ये, मराठीत बोल.