मदत हवी आहे : वीटभट्टीवर जाणाऱ्या बालकांचा आहार आणि खेळ कसा सांभाळावा?

नमस्कार. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर मी तीन वर्षांपासून अंगणवाडीताईंबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करतो. भातकापणी उरकली की दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना गावातच विशेष आहार व उपचार देणाऱ्या केंद्रात, महत्प्रयासाने सुधारलेली मुले त्या सहा-सात महिन्यांत पुन्हा घसरतात.

या जूनमध्ये परतलेल्या दीड वर्षाच्या एका मुलाच्या दंडाला पट्टी लावली, तेव्हा घेर ११.२ सेंटिमीटर, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या ११.५ च्या मर्यादेखाली, भरला. त्याहून मला अस्वस्थ केले ते त्याच्या गप्प बसण्याने. समोर खुळखुळा वाजवला तरी त्याने हात पुढे केला नाही. भट्टीवर दिवसभर त्याची आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळत होती. उपाशी मूल खेळत नाही आणि त्याच्याशी कोणी बोलले-खेळले नाही, तर नुसत्या आहाराने त्याची भाषा व बुद्धी फुलत नाही, हे मला आता पुरते पटले आहे.

स्थलांतरित बालकांना भट्टीजवळच्या अंगणवाडीत पोषण आहार मिळू शकतो. मात्र भट्टी वस्तीपासून दूर असते आणि आयांना काम सोडून जाता येत नाही. भट्टीवरच पाळणाघर चालवण्याचा अनुभव आपल्यापैकी कोणास आहे का? मालकाची संमती कशी मिळवली, सांभाळणारी बाई पाड्यातलीच निवडली का, आणि दिवसातून किती वेळा काय खाऊ घातले, हे कृपया सविस्तर कळवावे. दिवाळीपूर्वी तयारी करायची आहे.