रिओचं गोल्फ मैदान: जमिनीचा हिशेब

रिओचं ऑलिंपिक गोल्फ मैदान पडीक जमिनीवर झालं, म्हणून निसर्गाचं काही बिघडलं नाही, असा दावा केला जातो. मला हे अर्धंच पटतं. बार्रा द तिजुका भागातल्या त्या जागेचा बराच हिस्सा वाळूउपशाने खरवडून गेला होता, हे खरंच. मैदानाची आखणी करणाऱ्या गिल हॅन्स यांनी तिथली मूळ झुडपं पुन्हा वाढू दिली. २०१६ मध्ये कॅपिबारा (उंदराच्या कुळातले मोठे प्राणी) आणि बिळात राहणारी घुबडं खेळाडूंच्या आसपास बिनधास्त फिरत होती, तेही सगळ्यांनी पाहिलं.

पण मारापेंदी उद्यानाची सुमारे ५८ हजार चौरस मीटर संरक्षित जमीन या मैदानासाठी वगळली गेली, तिचं काय? मैदानाचा खर्च बिल्डरने उचलला आणि बदल्यात शेजारच्या इमारतींना ६ ऐवजी २२ मजल्यांची मुभा मिळाली. तिजोरीवर भार नको म्हणून सार्वजनिक निसर्ग देऊन टाकायचा, याला मी बचत म्हणणार नाही. शहरात इतान्यांगा आणि गाव्हेआ ही जुनी मैदानं होतीच. त्यातलं एखादं सुधारून घ्यायला हवं होतं.

खेळ मात्र सुंदर झाला. ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतलेल्या गोल्फमध्ये पुरुषांमध्ये ब्रिटनचा जस्टिन रोझ आणि महिलांमध्ये दक्षिण कोरियाची इन्बी पार्क सुवर्णपदकं घेऊन गेले. आपली १८ वर्षांची अदिती अशोक दोन फेऱ्यांनंतर पहिल्या दहांत होती! शेवटी ती ४१ व्या स्थानावर घसरली, पण भारतात कितीतरी घरांत गोल्फ पहिल्यांदा पाहिलं गेलं ते तिच्यामुळेच.