रोज काट्यावर उभं राहायचं की नाही?

टिळकवाडीकर:
९२ वरून ७८ किलोवर यायला मला अकरा महिने लागले. तिथं टिकून आता सोळा महिने झालेत, आणि खरं सांगतो, उतरवण्यापेक्षा टिकवणं जास्त छळतं. उतरताना लोक थांबवून विचारतात, कौतुक करतात. टिकवताना कुणी ढुंकून बघत नाही. उलट लग्नाच्या पंगतीत 'आता झालं की कमी, घ्या अजून एक' म्हणून ताटात वाढतात.

माझा नेम असा: पहाटे सहाला, पोट साफ झालं की चहाच्या आधी काट्यावर. आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्याच चौकोनात. वर 'दीड लि.', खाली '७८.४'. आमची ही म्हणते, एक दिवस दूधवाला तुमच्याकडे अठ्ठ्याहत्तर लिटरचे पैसे मागेल. ८० दिसलं की रात्रीचा भात बंद आणि बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात चालायच्या दोन फेऱ्या जास्त, एवढाच कायदा. माझं मत, रोज वजन करावंच. तुमचं काय?

खानापूरची माई:
साफ नामंजूर. पेरलेलं बी कोण रोज उकरून बघतं का? साखर निघाली तेव्हा मी नऊ किलो कमी केले आणि तुमच्यासारखाच रोजचा काटा सुरू केला. दोनशे ग्रॅम वाढलं की सकाळ खराब. नाश्ता टाळायचा, आणि चार वाजता भुकेनं डोकं फिरलं की फरसाणाचा डबा पुढ्यात. दोनशे ग्रॅम घटलं तर बक्षीस म्हणून गोड कुंदा. म्हणजे काटा वर जाऊ दे नाहीतर खाली, मी खाणारच! आता काटा कपाटावर चढवून ठेवलाय. ब्लाऊजचा हूक सगळं सांगतो.

टिळकवाडीकर:
माई, हूक सांगतो खरं, पण तीन किलो चढून गेल्यावर. आणि हल्ली ब्लाऊजचं कापडही ताणतं म्हणे.

ऊसवाला, निपाणीकडचा:
मी काट्याचा माणूस, म्हणून बोलतो. आमची गाडी आधी भरलेली काट्यावर जाते, मग ऊस उतरवून रिकामी. दोन्हीतला फरक म्हणजे ऊस. एका हंगामात बाहेरच्या काट्यावर गाडीचं वजन करून गेलो, तर कारखान्यावर वजन कमी भरलं. भांडलो, काय उपयोग झाला न्हाई. तवापासून एक कळलं, दोन काट्यांचे आकडे शेजारी मांडायचे न्हाईत. घरचा काटा एकच ठेवा, जागा पण एकच. आमच्या सोप्यातली शहाबादी फरशी जरा कलती आहे, तिथं ठेवला की वजन पाऊण किलो हलकं येतं. बायको मुद्दाम तिथंच उभी राहते की वो!

वडगावचा गणितमास्तर:
थोडे पुरावे. अमेरिकेत १९९४ साली वजन टिकवून ठेवलेल्यांची एक नोंदवही सुरू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान १३.६ किलो कमी करून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात जागा. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मग २००६ चा प्रयोग. ३१४ माणसं, अठरा महिने, तीन गट. एका गटाला प्रत्यक्ष भेटून मार्गदर्शन, दुसऱ्याला इंटरनेटवरून, तिसऱ्याला नुसती पत्रकं. वजन २.३ किलो किंवा जास्त परत चढलेले पत्रकवाल्यांत ७२ टक्के, प्रत्यक्ष भेटीच्या गटात ४६ टक्के. पहिल्या दोन गटांना रंग शिकवले होते: वाढ साधारण दीड किलोच्या आत तर हिरवा, पुढे पिवळा, २.३ च्या वर लाल. रंगागणिक काय करायचं तेही ठरलेलं. टिळकवाडीकरांचा ८० चा कायदा म्हणजे लालच्या जरा अलीकडचा पिवळा.

खानापूरची माई:
मास्तर, नोंदवहीत नाव घालायला कोण जातं? ज्याचं टिकलं तो. ज्याचं परत चढलं त्याला काट्याची लाजच वाटते, तो उभाच राहत नाही. मग काटा सोडला म्हणून वजन चढलं, की चढलं म्हणून काटा सोडला?

वडगावचा गणितमास्तर:
नोंदवहीबद्दल तुमचं बरोबर, तिच्यावरून कारण ठरत नाही. पण २००६ च्या प्रयोगातली एक गोष्ट तुमच्याही कामाची आहे. रोज वजन करण्याचा फायदा शिकवलेल्या दोन गटांत दिसला. पत्रकवाल्यांत जे रोज उभे राहत होते, त्यांना तो तसा मिळाला नाही. आकडा बघून काय करायचं हे ठाऊक नसेल तर नुसतं उभं राहून काही होत नाही. तुमच्या फरसाणाचं मला तेच वाटतं.

खानापूरची माई:
फरसाणावर येऊ नका. माझी भाची धारवाडला हॉस्टेलवर असते. दिवसातून तीन-तीनदा वजन करायची, जेवण अर्ध्यावर आलं, पाळी बंद झाली. डॉक्टरांनी आधी खोलीतला काटा काढायला लावला. तिला तुमचा हिरवा-पिवळा-लाल शिकवू?

वडगावचा गणितमास्तर:
नाही. तिच्यासाठी काटा नकोच. तिथं मी तुमच्या बाजूला.

रात्रपाळीवाला, उद्यमबाग:
सहाला पोट साफ करून उभं राहायला आम्ही सहाला घरी तरी असतो का? फौंड्रीत भट्टीपुढं पाळी काढली की दीड किलो कमी दिसतं, दोन तांबे पाणी प्यालं की परत जागेवर. मी बुधवार-रविवार करतो, झोपून उठल्यावर. भागतं.

टिळकवाडीकर:
दादा, पाण्याचाच मुद्दा मला सांगायचाय. परवा येळ्ळूरला लग्न होतं. मांडे, वर तूप-दूध, मग मसालेभात, लोणचं, पापड. आदल्या सकाळी ७७.९, दुसऱ्या सकाळी ७९.८. दचकलो. मग बसून हिशोब केला. किलोभर चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, तर १.९ किलोला साडेचौदा हजार वर गेल्या. इतकं खायला मला वऱ्हाडासकट बसावं लागेल! म्हणजे ते अंगातलं पाणी. मीठ पाणी धरतं, आणि गोड-भाताची साखर स्नायूंत साठते तीही ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत घेऊन. वर पोटात अजून लग्न बसलेलं होतंच. काहीही न करता चौथ्या दिवशी ७८.२.

आता रविवारीच वजन करणाऱ्याचा रविवार नेमका मांड्यांच्या दुसऱ्या दिवशी आला तर? तो आठवडाभर रडत बसेल. रोजचे सात आकडे असले की सरासरी काढता येते, त्यातला एक खोटं बोलला तरी चालतं.

खानापूरची माई:
सरासरी काढायला सात वेळा दचकायचं, असंच ना? महिन्यातले चार-पाच दिवस बायकांचं वजन उगाच किलो-दीड किलो चढतं, ते तुमच्या कॅलेंडरात कुठं लिहायचं? महिन्यातून एकदा, पाळी गेल्यावर आठवड्यानं, बस्स. एवढं मान्य करते.

ऊसवाला, निपाणीकडचा:
कपाटावरनं काटा खाली आला म्हणायचा, माई.

खानापूरची माई:
सेल संपलेत त्याचे. आणते म्हणाले, उभी राहते नाही म्हणाले.

टिळकवाडीकर:
आज दूधवाला हिशोबाला आला होता. कॅलेंडरवर बोट फिरवत थांबला. "साहेब, सतरा तारखेला ७९.८ कशानं?" म्हटलं, "मांडे." "मग बरोबर आहे," म्हणाला आणि पुढचे लिटर मोजायला लागला.