क्लायंटकडून रिक्वायरमेंट कशी काढून घ्यायची? सोमवारच्या आत मदत हवी आहे

कोडखोर | गुरुवार, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून एक काम घेतलंय. क्लायंट माणूस चांगला आहे, पैशाला कटकट करत नाही, पण नक्की काय हवंय ते काही केल्या सांगत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्ही इंजिनियर, तुम्हाला माहीतच असणार. सगळं पाहिजे." स्क्रीन करून दाखवल्या की "झकास" म्हणतो आणि आठवड्याने फोन येतो, "हे असं नसतंय आमच्यात." बिलाचं मोड्यूल तर इतक्यांदा पाडून बांधलंय की मित्र आता माझा फोन उचलत नाही.
सोमवारी त्यांच्याकडे मीटिंग आहे. कोणाकडे रिक्वायरमेंट गोळा करायची तयार प्रश्नावली किंवा फॉरमॅट असेल तर इथे टाका. "गुगल करा" म्हणू नका, केलंय. सगळे फॉरमॅट अमेरिकेतल्या बँकेसाठी लिहिल्यासारखे आहेत.

तिरकस_तात्या | गुरुवार, रात्री ११:५२
धंदा कसला आहे ते लिहायचं राहिलं की मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलंय? मंगल कार्यालयाची प्रश्नावली दवाखान्याला चालेल का?

सेवानिवृत्त_सिस्टिम | शुक्रवार, सकाळी ६:१५
आजच्या मुलांना पाया नको, थेट कळस हवा. आमच्या वेळी एसआरएसवर, म्हणजे काय बनवायचं त्याच्या लेखी दस्तऐवजावर, सही झाल्याशिवाय एक ओळ कोड लिहिला जात नसे. आयईईई ८३० हे मानक घ्या, त्यातला साचा जसाच्या तसा वापरा. उद्देश, व्याप्ती, वापरकर्त्यांचे प्रकार, कार्यात्मक गरजा, अकार्यात्मक गरजा. प्रत्येक गरजेला क्रमांक. शेवटी क्लायंटची सही आणि शिक्का. नंतर बदल सांगितला की सहीकडे बोट दाखवायचं.

स्प्रिंटवाला | शुक्रवार, सकाळी ९:३०
काका, ८३० कधीच मोडीत निघालं. २०११ मध्ये त्याच्या जागी २९१४८ आलं, २०१८ मध्ये त्याचीही सुधारित आवृत्ती निघाली. आणि सहीकडे बोट दाखवून क्लायंट पैसे देतो का? धागाकर्ते, डॉक्युमेंट वगैरे काही करू नका. दर दोन आठवड्यांनी चालणारं काहीतरी दाखवा, तो बोलेल, तुम्ही बदला. २००१ मध्ये अमेरिकेत युटाच्या डोंगरात १७ जण जमले आणि थोडं थोडं करून दाखवायच्या 'ॲजाइल' पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, ते याच दुखण्यावर.

सेवानिवृत्त_सिस्टिम | शुक्रवार, सकाळी ९:४४
तो दाखवतोच आहे की! दाखवतो, क्लायंट झकास म्हणतो आणि मग बिल बदलतं. तुमचं औषध आधीच चालू आहे आणि रोगी तसाच आहे. धागा नीट वाचत चला.

फ्लटर_फॅन | शुक्रवार, सकाळी १०:०५
कशात बनवताय? फ्लटर घ्या, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही एका कोडमध्ये. बाकी सगळं नंतर बघता येतं.

कोडखोर | शुक्रवार, दुपारी १:२०
आयफोन कोणाकडेच नाहीये हो तिथे. डेअरी आहे, सांगली जिल्ह्यात. नेहमीचंच, दूध येतं, फॅट लागते, बिल निघतं. त्यात एवढं अवघड काय असेल असं वाटलं होतं. प्रश्नावली आहे का कोणाकडे?

सचिवाची_लेक | शुक्रवार, दुपारी १:४१
डेअरी म्हणजे नक्की काय? गावातली दूध संस्था, जिथे शेतकरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन येतात? की शीतकरण केंद्र? की पिशव्या भरणारा प्रकल्प? तिन्हींना लोक डेअरीच म्हणतात आणि तिन्हींचं सॉफ्टवेअर वेगळं. शिवाय तुम्ही ज्यांच्याशी बोलताय ते कोण? चेअरमन की सचिव?

कोडखोर | शुक्रवार, दुपारी २:०२
गावातली संस्था. चेअरमनशी बोलतो. काम त्यांनीच दिलंय. सचिव असतात मीटिंगला, पण काही बोलत नाहीत, चहा सांगून येतात.

सचिवाची_लेक | शुक्रवार, दुपारी २:३०
मग तुमचं घोडं इथेच अडलंय. चेअरमनला सॉफ्टवेअर कशाला हवं? वार्षिक सभेत सांगायला आणि मोबाईलवर आकडे बघायला. पहाटे शटर उघडून दुधाचा नमुना फॅटच्या मशीनला लावणारा, दहा दिवसांनी पगार (म्हणजे शेतकऱ्यांच्या दुधाचे पैसे) काढणारा आणि बाया भांडायला आल्या की तोंड देणारा माणूस म्हणजे सचिव. चेअरमनसमोर तो काय बोलणार? माझे वडील अशाच संस्थेत सचिव होते. मीटिंगमध्ये गप्प आणि घरी आल्यावर तासभर बडबड.
सोमवारची मीटिंग करा, पण आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला जा आणि पहाटे संकलनाला उभे राहा. प्रश्न विचारू नका, गर्दीत ते उत्तर देणारही नाहीत. हे बघा:
रांगेत माणसं किती आणि एकाला किती सेकंद मिळतात. नंबर टाइप कोण करतं आणि कुठल्या हाताने (एका हातात नमुन्याची बाटली असते, माऊस लागला की तुमचं सॉफ्टवेअर बाद). वीज गेली की काय करतात. दूध घालायला आलेली बाई, खातं नवऱ्याच्या नावावर, पैसे जातात पतसंस्थेत सासऱ्याच्या खात्यावर, हे वहीत कसं लिहिलंय. एकाच नंबरावर गाय आणि म्हैस दोन्ही घालणारे किती.

फॉक्सप्रो_काका | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०
वरच्या ताईंना साष्टांग. मी कराड-सांगली पट्ट्यात दूध संस्थांची कामं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये केली, त्यातली काही अजून चालू आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सपोर्ट बंद केला, संस्थांनी केला नाही.
कोडखोर, बिल पुन्हा पुन्हा का बदलतंय ते मी न बघता सांगतो. दहा दिवसांचं बिल म्हटल्यावर तुम्ही १० धरलेत ना? १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तिसरं बिल कधी ११ दिवसांचं असतं, फेब्रुवारीत ८ दिवसांचं.
दुसरं, दर. दरपत्रक संस्थेचं दूध घेणाऱ्या संघाकडून येतं आणि ते तारखेने बदलत नाही, पाळीने बदलतं. "१४ तारखेच्या संध्याकाळपासून नवीन दर" असा निरोप येतो. म्हणजे एकाच बिलात दोन दरपत्रकं. मागाहून दरातला फरक दिला तर जुन्या बिलांनाही लागतो.
तिसरं, लिटर की किलो. काटा किलो दाखवतो, दर लिटरचा असतो. दुधाचा १ लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो. कुठे भागायचं, एकेका नोंदीला की बेरजेला, यावरून संध्याकाळपर्यंत पैशापैशाचा फरक पडतो आणि गावात पैशाच्या फरकावरून निवडणूक लढवतात.
चौथं, कपात. पशुखाद्य, ॲडव्हान्स, पतसंस्थेचा हप्ता, शेअर्स. पगार पुरला नाही तर आधी काय कापायचं? उरलेलं पुढच्या बिलात ओढायचं की नाही? हे चेअरमनला विचारलंत तर "सगळं कापा" म्हणेल. सचिवाला विचाराल तर तो चार घरांची नावं घेईल, ज्यांचं काहीच कापायचं नसतं.

कोडखोर | शुक्रवार, संध्याकाळी ७:२५
१० च धरले होते. दर तारखेनेच घेतलेत. हे आधी कोणी सांगितलं का नाही मला!!
किलोचं माहीत नव्हतं, काटा आम्ही अजून जोडलेलाच नाही.

तिरकस_तात्या | शुक्रवार, संध्याकाळी ७:३१
तुम्ही तरी डेअरी आहे हे कुठे सांगितलं होतं?

एआय_अमोल | शुक्रवार, रात्री ८:००
कशाला एवढा त्रास? मीटिंग फोनवर रेकॉर्ड करा, एआयला द्या, पाच मिनिटांत युजर स्टोरीज (कोणाला काय हवंय त्याच्या नोंदी) तयार. आम्ही ऑफिसात तसंच करतो.

सचिवाची_लेक | शुक्रवार, रात्री ८:१२
रेकॉर्डिंगमध्ये काय सापडेल? "सगळं पाहिजे" आणि "झकास".

कायदा_बियदा | शुक्रवार, रात्री ८:५०
शेतकऱ्यांचे आधार नंबर, बँक खाती साठवणार असाल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. लेखी संमती घ्या. करार केलाय का? ॲडव्हान्स किती घेतला? बदलाचे पैसे कोण देणार ते कलम आहे का? नसेल तर आधी वकील गाठा, मग सचिव.

न्यूजर्सीकर | शुक्रवार, रात्री १०:१५
आमच्याकडे बिझनेस ॲनालिस्ट नावाची वेगळी पोस्ट असते. तुमच्याकडे नाही का? अवांतर: सांगलीकडचं म्हशीचं दूध, अहाहा. इथे गॅलनचा कॅन उघडला की पाणी की दूध कळत नाही. तिकडे खवा कुठे चांगला मिळतो?

तिरकस_तात्या | शुक्रवार, रात्री १०:२०
खव्यासाठी वेगळा धागा काढा. शंभर प्रतिसाद नक्की.

स्प्रिंटवाला | शनिवार, सकाळी ११:००
काकांनी जे सांगितलं ते डेअरीचं ज्ञान झालं, पद्धत नव्हे. पुढचा क्लायंट मंगल कार्यालय असेल तेव्हा काका कुठून आणणार?

फॉक्सप्रो_काका | शनिवार, सकाळी ११:४०
पद्धत एकच. जुनी वही मागायची. कोरा नमुना नको, भरलेली. मागच्या दिवाळीचं बिल घ्या आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते हाताने काढून बघा. जो निघत नाही तिथे रिक्वायरमेंट आहे. मंगल कार्यालय असेल तर गेल्या मे महिन्यातलं एखादं बिल घ्या. समासात पेन्सिलीने लिहिलेलं आधी वाचायचं.
आणि स्प्रिंटवाले, दुधाच्या धंद्यात नियम दिल्ली-मुंबईहूनही येतात. २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं आणि त्याच्या माहितीत जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. तोवर आमच्या कुठल्याही फाईलमध्ये गाय नव्हतीच, फक्त मालक होता. ती रिक्वायरमेंट कुठल्या मीटिंगमध्ये निघाली असती? मालकाच्या खाली जनावरांची यादी जोडायला जागा ठेवलीत तर असे प्रसंग निभावतात.

सेवानिवृत्त_सिस्टिम | शनिवार, दुपारी १२:०५
यालाच आम्ही विस्तारक्षमता म्हणायचो. एसआरएसमध्ये त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद असतो.

कोडखोर | शनिवार, रात्री ९:३०
सचिवांना आज स्वतःहून फोन केला. आधी "चेअरमनला विचारा" म्हणाले. मग जुनी वही बघायला मिळेल का म्हटलं तर एकदम मोकळे झाले. वह्यांचे फोटो पाठवलेत. जुना डेटा श्रीलिपी फॉन्टमध्ये आहे, उघडला की नुसती अगम्य अक्षरं, ते निस्तरतो. पण एक कळत नाहीये. संकलनाच्या बेरजेपेक्षा संघाला गेलेलं दूध जवळजवळ रोजच थोडं जास्त आहे. शेवटच्या रकान्याला "वाढावा" लिहिलंय. हे दूध येतं कुठून? आणि माझ्या प्रोग्राममध्ये बेरीज जुळणार कशी?

सचिवाची_लेक | शनिवार, रात्री ९:५५
काट्याने ४.३७ दाखवले की वहीत ४.३ लिहितात. खालचे कुणाला देत नाहीत. फॅटचंही तसंच, दुसरा दशांश सोडून देतात. शंभर-दीडशे माणसांचं मिळून ते साठतं. त्यात नमुन्याचं उरलेलं दूध मिळवा. संस्थेचा बराच खर्च यातून भागतो आणि सगळ्या गावाला ते माहीत असतं. काही ठिकाणी यातलंच दिवाळीला फरक म्हणून परत वाटतात.
पण हे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं म्हणजे तुम्हाला विचारावं लागणार की दशांश किती ठेवायचे आणि खाली सोडायचे की जवळचा आकडा धरायचा. तो प्रश्न चेअरमनसमोर, लोकांसमोर विचारू नका.

स्प्रिंटवाला | शनिवार, रात्री १०:१०
म्हणजे शेतकऱ्याचं दूध कापायला कोडमध्ये मदत करायची? मी तर मशीनचा आकडा थेट घेईन आणि एडिटचं बटणच देणार नाही.

फॉक्सप्रो_काका | शनिवार, रात्री १०:३५
बटण दिलं नाहीत तर तुमचं सॉफ्टवेअर आठवडाभरात बंद पडेल आणि वही परत येईल. मशीन रोज साफ केलं नाही तर चुकीची फॅट दाखवतं, नमुने अदलाबदल होतात, तिथे दुरुस्ती लागतेच. बटण द्या, पण मूळ आकडा पुसू नका. बदलला कोणी, किती वाजता, आधी काय होतं ते शेजारी राहू द्या. सहकार कायद्याच्या कलम ८१ खाली दर वर्षी लेखापरीक्षण असतं, लेखापरीक्षकाला तेच हवं असतं. आणि वाढाव्याचा रकाना उघड ठेवा, लपवू नका.

कायदा_बियदा | शनिवार, रात्री १०:४०
आणि तो रकाना ठेवायचं त्यांनीच सांगितलं हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर चालेल.

सेवानिवृत्त_सिस्टिम | शनिवार, रात्री १०:४२
म्हणजे सही घ्याच, हेच मी शुक्रवारी सकाळी सव्वासहाला सांगत होतो.

कोडखोर | रविवार, दुपारी ४:१५
एसटीत आहे, मुक्कामाला चाललोय. सचिव म्हणाले पावणेसहाला शटरपाशी या आणि चेअरमनना सांगू नका. सांगू का नको? काम त्यांनी दिलंय, उद्या कळलं तर?

सचिवाची_लेक | रविवार, दुपारी ४:२२
चेअरमनना आत्ताच फोन करा आणि "सकाळी काटा जोडून बघायचाय" एवढंच सांगा. ते खरंच आहे. पहाटे ते काही उठून येत नाहीत.

मी_पण_स्टार्टअप | रविवार, संध्याकाळी ६:००
छान धागा. माझा क्लायंट पोल्ट्रीचा आहे. प्रश्नावलीची लिंक वर दिसत नाहीये, मलाही पाठवा.